अधिक सी

कोपरखैरण्याच्या कॉलेजात संध्याकाळी सव्वासहाला
एफवायबीकॉमचा गणिताचा तास असतो,
म्हणजे वेळापत्रकात असतो.
हजेरीपटावर एकसष्ट, बाकांवर एकोणीस.
उरलेले सीमेकडे झुकतायत, पोचत नाहीत,
हा विनोद मी दर वर्षी करते.
दर वर्षी कुणीतरी एकच हसतं.

आधी चढ.
दोन बिंदू घ्या, जवळ आणा. आणखी जवळ.
मधे नख शिरणार नाही इतके, पण एक होऊ देऊ नका.
"मग शून्यच धरा ना मॅडम," प्रणित शेलार.
शून्य धरलंस तर भागाकार मोडतो, बाबा.
तो मान हलवतो, त्याला पटलेलं नसतं.
त्याचे वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
म्हणून त्यालाच विचारते:
शंभर गोण्या उतरवल्यावर पुढची एक किती जड?
"पन्नास किलोच."
मग थोडं थांबून,
"पाठीला नाही."

फळ्यावर लिहिलं, सीमांत खर्च.
व्याख्या त्या दिवशी उतरवून दिली नाही.

माझं स्वतःचं गणित सोपं आहे.
तासिका तत्त्व. एक तास, एक रक्कम;
सरळ रेषा, अवकलनाची गरजच नाही.
मे महिन्यात रेषा तुटते, जूनमध्ये
पुन्हा कुठून सुरू होईल ते ऑफिस सांगत नाही.
शिखरावर चढ शून्य असतो, मी शिकवते,
आणि खड्ड्याच्या तळाशीही शून्यच.
नुसत्या शून्यावरून कळत नाही तुम्ही कुठे उभे आहात.
पुन्हा एकदा अवकलन करावं लागतं.
(हे मी दुसऱ्यांदा केलेलं नाही.)

डिसेंबरात संकलन.
वाकड्या रेषेखालची जागा कशी मोजायची?
उभ्या पट्ट्या पाडा, अरुंद करत जा, बेरीज घ्या.
दिव्याची रोशनी मढवी कधी बोलत नाही, ती बोलली,
"आमचा मिठागर पन असाच मोजला आसल का?
खाडीची कड वाकडीच होती, बापूस सांगतो."
मागून कुणीतरी म्हणालं, साडेबारा टक्के!
वर्ग हसला. तीही हसली, थोडी उशिरा.

मग तिनंच विचारलं, हा शेवटी सी कशाला?

मी म्हटलं, बघ,
एक जण पाचापासून चढला, एक जण पाचशेपासून.
चढ दोघांचा सारखा.
कुठून निघालो हे चढाच्या लक्षात राहत नाही.
म्हणून उलटं येताना एक जागा रिकामी ठेवायची,
कुणी सांगितलं तर भरायची.
खर्चाच्या गणितात त्याला स्थिर खर्च म्हणतात.
पहिला नग बनायच्याही आधी
जे देऊन झालेलं असतं, ते.

"म्हंजे जागा," ती म्हणाली,
आणि वहीत काहीतरी लिहिलं.
मी भाड्याचं उदाहरण देणार होते. दिलं नाही.

आता पेपर तपासतेय.
सीमांत खर्च सहा एक्स अधिक चार, एकूण खर्च काढा.
चाळीस जणांनी सी गाळलाय,
प्रत्येकाचा अर्धा गुण मुकाट कापत आलेय.
प्रणितनं उत्तर बरोबर आणून शेवटी लिहिलंय, अधिक वगैरे.
रोशनीचं चुकलंय.
दोननं भागायची राहिली, सहा एक्स वर्ग तसाच.
पण सी आहे. मोठा, दोनदा गिरवलेला,
समासाच्या रेषेला टेकलेला.

पायरी चुकली तर स्थिरांकाचा गुण देता येत नाही,
उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर सूचना डकवलेली आहे.
सूचना दोनदा वाचली.
मग उठून पंखा एक नंबरनं कमी केला,
आणि येऊन बसले तर
लाल पेनाचं टोक वाळलेलं.